हाँगकाँगला निघालेली वाइन

"मॅडम, साढ़े चार तक टेम्परेचर रेकॉर्ड नहीं मिला, तो सौदा गया समझो!" सरीनसाहेब फोनवर जवळजवळ ओरडतच होते. पावणेदोन वाजले होते.

मी काल्हेरच्या एका बॉण्डेड वेअरहाऊसची मॅनेजर. बॉण्डेड म्हणजे परदेशातून आलेला माल ड्युटी न भरता, कस्टम्सच्या देखरेखीखाली ठेवायचं गोदाम. माल देशात विकायला काढला की ड्युटी भरायची. परत परदेशी पाठवला तर ती लागत नाही.

सरीनसाहेब आमचे आयातदार ग्राहक. त्यांनी मुंबईच्या हॉटेलांसाठी फ्रान्सहून उंची रेड वाइनची चाळीस खोकी आणली होती. वाइनवर तेव्हा दीडशे टक्के ड्युटी. तिकडे दहा हजारांना घेतलेली बाटली आमच्या दारातून बाहेर पडतानाच पंचवीस हजारांची व्हायची. राज्याचा एक्साइज वेगळाच. हॉटेलवाल्यांनी हात वर केले. माल दीड वर्ष पडून राहिला.

आणि तिकडे भाव चढायला लागले! त्या सालची वाइन बाजारात थोडीच उरली होती. हाँगकाँगचा एक व्यापारी त्याच बाटलीला अठरा हजार द्यायला तयार झाला. हाँगकाँगमध्ये वाइनवर ड्युटीच नाही, त्यामुळे त्याला ते परवडत होतं. अट एकच. उष्णतेने वाइन बिघडते, म्हणून दीड वर्षाचं तापमान कागदावर हवं. साडेचारपर्यंत ते मिळालं नाही, तर तो दुसऱ्याचा माल उचलणार होता.

मला वाटलं, त्यात काय! वाइनच्या एसी खोलीत डेटा लॉगर आहे. हे दर तासाला तापमान नोंदवणारं छोटं यंत्र. कॉम्प्युटरला जोडलं तर फक्त सहा महिन्यांच्या नोंदी दिसल्या. मेमरी भरली की ते जुन्यावर नवं लिहीत होतं.

"काय झालं, मॅडम?" पुंडलिकदादांनी विचारलं. हे आमचे स्टोअरकीपर, काल्हेरचेच. आधी बर्फाच्या कारखान्यात होते. मी सांगितलं.

"मंग माझी वही हाय ना!"

"कसली वही?"

"बर्फाच्या कारखान्यातली सवय. सकाळ-सांज काटा बघायचा नि लिवायचा. कुनी सांगितलं न्हाय, पन लिवतो."

त्यांनी कपाटातून तीन जाड वह्या काढल्या. तारीख, वेळ, तापमान, खाली सही. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. दोघांनी मिळून स्कॅनिंग सुरू केलं. मी पानं उलटत होते, दादा तारखा तपासत होते. शेवटच्या सहा महिन्यांचे आकडे लॉगरशी ताडून पाहिले, तर जुळले!

तीन वाजता एका पानावर दादांचं बोट थांबलं. मे महिना. 'एसी बंद. सहा तास. २४ डिग्री.' एरवी सगळीकडे चौदा-पंधरा.

मी सरीनसाहेबांना कळवलं. ते म्हणाले, "वो पन्ना हटा दो. एक दिन से किसको फर्क पड़ता है?"

"सर, पान काढलं तर तारखांची साखळी तुटेल. आणि सही दादांची आहे. मी पाठवीन तर सगळं पाठवीन."

"सौदा टूटा तो?"

"तर मी तुम्हाला लेखी देईन की माझ्यामुळे तुटला."

शेवटी ते म्हणाले, "भेजो."

चार वाजून पाच मिनिटांनी मेल गेली. मी खुर्चीत बसूच शकले नाही. दादा चहा घेऊन आले, तोही गार झाला.

चार पंचवीसला उत्तर आलं. सहा तासांच्या उष्णतेने या वाइनला काही होत नाही, असं व्यापाऱ्याने लिहिलं होतं. पुढे म्हटलं होतं, सगळे दिवस सारखे असलेले रेकॉर्ड मला रोज येतात, त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. चाळीसही खोकी घेतो.

मी ओरडलेच! दादांनी शांतपणे विचारलं, "मंग पॅकिंग कवा करायचं?"

पुढच्या आठवड्यात माल कस्टम्सच्या सीलमध्ये हाँगकाँगला निघाला. तेव्हापासून कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी एकच सांगते: एसी बंद पडला तर आधी लिहा, मग मला फोन करा.