हासली का वो?

११ जानेवारी १९५७, शुक्रवार, दुपार. दंड रुपये अकरा. हजर : पाच पंच, शेवंता, तिचा भाऊजी, लिहायला मी, आणि कोणी बोलावलं नसताना मामी. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात मामीला कुठेच बोलवावं लागत नसे.

मामी सगळ्या गावाचीच मामी, सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे पाटलापासून सगळ्यांची थट्टा करायचा तिला हक्कच होता. जावयाच्या विड्यात मिरची, व्याह्याच्या टोपीत खाजकुयली, ही तिची नेहमीची कामं. पण प्रत्येक थट्टेनंतर ती समोरच्याच्या तोंडाकडे बघून विचारी, “हासला का गा?” नाही हसला, तर ओटीतले मूठभर फुटाणे त्याच्या हातावर ठेवी. “मंग थट्टा नाई झाली. चुकली मी.” एकदा फुटाण्यांसाठी पाटील मुद्दाम तीनदा हसला नाही. चौथ्यांदा मामी म्हणाली, “पाटील, फुटाने सरले. आता हासा.”

शेवंता सव्वीस वर्षांची, विधवा. स्वतःचं धान स्वतः पिकवणारी. मळणीला मदत म्हणून थोरल्या बहिणीचा नवरा आला होता. घरचाच माणूस. त्यानं खळ्यावर तिच्यावर जबरदस्ती केली. ती उठून थेट मामीकडे गेली. एकटी काऊन होती, हे मामीनं विचारलं नाही. “तुह्यावर माहा भरोसा हाय,” म्हणाली. “ठाण्यात जाऊ का पंचांत? तू म्हनशीन तसं. मी सोबत आहो.”

शेवंता म्हणाली, “त्यानं गावासमोर कबूल करावं.”

पंचांपुढे भाऊजी म्हणाला, “साळी हाय माही. थोडी थट्टा केली.” साळी म्हणजे मेहुणी; साळी-भाऊजीची थट्टा ही आमच्याकडे रीतच. पंच हसले. मीही हसलो. दंडाच्या अकरा रुपयांचा बकरा, गावजेवण, पंगतीत भाऊजीसुद्धा, की मिटलं. मी लिहूनही टाकलं.

मामी उठली. “थट्टेतलं मले जास्त समजते. मले इचारा.” ती शेवंताजवळ जाऊन बसली. “हासली का वो?”

“नाई,” शेवंता म्हणाली. “मी नाई नाई म्हनत होती. त्यानं तोंड दाबलं.”

आता कोणीच हसेना.

“आइकलं? आन ह्या बकऱ्याचा रस्सा जो खाईन, त्याच्या ताटात मी सोता खाजकुयली टाकीन.” पंच मामीला जन्मापासून ओळखत होते. बकरा रद्द झाला. “अन् हा कबूल होत नसन, तर ठाण्यात जाले गाडी जुपून ठेवली हाय.” मी डोकावून पाहिलं. खरंच जुंपलेली होती.

भाऊजी उभा राहिला. “थट्टा नोहोती. जबरदस्ती केली म्या.” शेवंताच्या उंबऱ्यावर त्यानं पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं ठरलं.

मामीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या घरात कोणी कोणाला चिडवलं, की मी अजून आधी चिडवलेल्याचं तोंड बघतो.

त्या दुपारी उठताना ती माझ्याकडे वळली होती. “तू काऊन हासला गा?” मी वही पुढे ओढली. “मंग लिही.” तिनं सांगितलं तसं मी लिहिलं. अकरा खोडले. भाऊजीकडून एकावन्न रुपये रोख, शेवंताच्या हाती. पाच पंच आणि लिहिणारा यांच्याकडून, हसल्याबद्दल, ‘चुकलो’ म्हणून प्रत्येकी एक मूठ फुटाणे, शेवंतालाच.