पाठीवरची घोंगडी

आमच्या घरात एक नियम आहे आणि त्याला ‘का’ विचारायची सोय नाही. नवसाची घोंगडी तोरणमाळच्या देवळात पोचेपर्यंत उलगडायची नाही!

पणजोबांनी नवस केला आणि भोगतोय आम्ही. दर पौषात रनाळ्याहून पायी निघायचं. आमचे मोठे काका आबा, धाकटे काका नाना, नानांची बायको म्हणजे माझी काकू, आत्या आणि मी. प्रत्येकाच्या पाठीवर एकेक नवीकोरी, जाडजूड घोंगडी, आबांनी स्वतः गाठ मारलेली. अंगावर मात्र सुती चादर! देवाच्या ओझ्यावर आपलं ओझं ठेवायचं नाही, म्हणून दुसरं पांघरूण बरोबर घ्यायचं नाही. काकूला गारठ्याने खोकला धरतो हे घरात सगळ्यांना ठाऊक, तरी तिलाही सूट नाही. अशा घरात किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात.

*

पहिला मुक्काम तापीकाठी. एकदा नाना कुडकुडत घोंगडीच्या वळकटीला पाठ टेकून झोपले. सकाळी आबांनी ते पाहिलं आणि खटला उभा राहिला. टेकणं म्हणजे वापरणं का? चहा निवेपर्यंत वाद चालला. शेवटी निकाल लागला: गाठ ढिली होत नसेल तर टेकायला हरकत नाही. तेव्हापासून आमचं सगळं घर पाठीने उबदार आणि पोटाने गारठलेलं झोपतं.

*

डोंगराच्या पायथ्याशी एक पावरा आदिवासी म्हातारा भेटला. पाठीवर घोंगड्या आणि दातावर दात वाजणारी माणसं बघून त्याने विचारलं, माल विकायला चाललात का?

आबा चिडले. म्हणाले, देवाच्या आहेत.

देवाला थंडी वाजते का, त्याने विचारलं.

वाजत नाही, म्हणून तर तो देव, असं आबा म्हणाले आणि चालू लागले. म्हातारा बराच वेळ आमच्याकडे बघत उभा होता. मला तर त्याच्याबरोबर मागे राहावंसं वाटलं.

*

एके वर्षी आत्या शेकोटीच्या इतकी जवळ सरकली, की तिच्या चादरीच्या काठाने पेट घेतला. नाना धावले. आधी त्यांनी पाचही घोंगड्या ठिणग्यांपासून लांब नेऊन ठेवल्या, मग आत्याला विझवलं.

यावर आत्या चिडली असेल ना? छे! गावभर सांगत फिरली, भाऊ असावा तर असा.

*

गेल्या वर्षी मी देवळामागच्या खोलीत डोकावले. आत छतापर्यंत घोंगड्यांची चवड होती. खालच्या कसरीने खाल्लेल्या, वरच्या उंदरांनी. आबांची गाठ मी ओळखते. आमच्या सगळ्या घोंगड्या तशाच बांधलेल्या होत्या, एकही सुटलेली नव्हती.

मी आबांना हात धरून तिथे नेलं. वाटलं, आता तरी डोळे उघडतील. आबांचा ऊर भरून आला. म्हणाले, बघ, देवानेसुद्धा नियम मोडला नाही!

*

यंदा शेवटच्या चढाखाली भर दुपारी ढग उतरले. समोरचा माणूस दिसेना. काकू दगडावर बसली ती उठेना. अंग तापलेलं, ओठ निळे. पुण्याच्या कॉलेजातून येताना आणलेला माझा स्वेटर तिला घातला, तरी थरथर थांबेना. विचारलं तर म्हणे, “माले काहीच व्हयेल नही.” आबा म्हणाले, नामस्मरण कर, ऊब येईल.

मी पाठीवरची घोंगडी खाली टाकली आणि गाठ सोडायला घेतली.

“हात नको लावू,” आबा म्हणाले. “देवनी शे ती.”

“कॉलेजमा हाईच शिकाडतस का?” आत्याने विचारलं.

गाठ ओली होऊन आवळली होती. ती मी दाताने सोडली.

“आबा, देवाकडे खोलीभर घोंगड्या आहेत. आपल्याकडे काकू एकच आहे. मी नाही ऐकणार.”

काकूला नखशिखान्त गुंडाळलं. आबांनी नानांकडे पाहिलं, नानांनी ढगाकडे. आता हे तिघे मला काय काय ऐकवणार, याची मी वाट बघत होते. तेवढ्यात घोंगडीतून काकूचा हात बाहेर आला. तिने आबांच्या पाठीकडे बोट दाखवलं.

“पोरी, ती बी सोड.”