उलटा हात

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात चिनी मातीच्या फुटक्या वाट्या साठलेल्या असायच्या. टॉवरवर तारा ज्यांना टांगतात, त्या वाट्या. कामाच्या नव्हत्या, पण टाकवत नव्हत्या. किस्से तसेच साठतात बघा.

मी बोलायला हळू. शाळा बाराखडीपुरती. तारांचं काम करणाऱ्या आमच्या गँगमध्ये बाकीचे सांगायचे आणि मी ऐकायचो. आता सांगणारे कुणी उरले नाहीत, म्हणून मी सांगतो. हसू आलं तर जरूर हसा. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की त्या दिवसांत आम्ही फार भ्यालेलो होतो.

घाटाच्या पायथ्याशी नवं वीजघर झालं होतं. तिथून मुंबईकडे वीज जायची, ती आमच्या खालापूर, चौक या गावांच्या रानातून. शेतात, डोंगराच्या सोंडेवर लोखंडी टॉवर उभे. धुक्याच्या सकाळी त्यांच्या तारा गुणगुणायच्या. भाताच्या बांधावरून जाणाऱ्या बायका तेवढ्यापुरत्या डोक्यावर पदर घ्यायच्या आणि पळायच्या. आम्हाला मात्र त्याच तारांकडे चढून जायचं असायचं.

*

आमच्या मुकादमांचं नाव रावजी. घाटी माणूस, आवाज ढोलासारखा. त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली.

"लाईन बंद केली, साखळी टाकली, समदं झालं, तरी बी तारंला पयला हात उलटा लावायचा. तळवा नाय, हाताची पाठ."

"का वो मुकादम?" मी विचारलं.

"वीज हाताची मूठ वळवती रं. तळव्यानं धरलीस तर मूठ तारंवर मिटंल, आन् मग ती सुटायची नाय. पाठ लावलीस तर हात मागं झटकला जाईल. मागं आला तर तू घरी जाशील."

आणि कुणी चिकटलाच, तर त्याला हात लावायचा नाही. कोरड्या बांबूनं ढकलायचा.

ही सवय आम्हाला इतकी लागली, की आम्ही पाण्याच्या तांब्याला आधी उलटा हात लावायचो, मग उचलायचो. दाराच्या कडीला उलटा हात. बैलाला उलटा हात. आमच्यातल्या धर्माचं लग्न होऊन काही वर्षं झाली होती. त्याची बायको भागी, कोंडाणे गावची. ती एकदा मुकादमांना म्हणाली, "मामा, ह्यांना काय शिकवलंय तुमी? मला उठवायचं तरी हाताची पाठ लावून उठवत्यात!"

मुकादम गंभीरपणे म्हणाले, "जिता राहील पोरी, जिता राहील."

*

मग लाईनीचे नवे इंजिनियर, वैद्य साहेब आले. तरुण होते, चांगले होते. आम्हाला समजावं असं त्यांना मनापासून वाटायचं. तिथंच घोटाळा झाला.

ते म्हणाले, "ओल्या हातानं काम करू नका. साध्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्यातून वीज जोरात जाते. मीठ पाण्यात विरघळलं, की त्याचे विजेचे कण सुटे होतात. घाम खारट असतो, हे विसरू नका."

आम्ही विसरलो नाही. त्या दिवसापासून गँगच्या जेवणात मीठ बंद! कालवण अळणी, भाकरी अळणी. मुकादमांनी चौकच्या बाजारातून आणलेलं सुकट परत केलं. माणसं तोंड वाकडं करून जेवायची, पण जेवायची. भीतीपुढे चव कसली?

पुढच्या वेळी साहेब आमच्याच पंगतीला बसले. पहिल्या घासाला थांबले.

"मुकादम, मीठ विसरलात."

"इसरलो नाय साहेब. काढून टाकलं. घाम खारा येतो म्हणालात ना?"

मुकादमांनी बाही वर केली, स्वतःचा दंड चाटला, आणि पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "पन अजून खाराच लागतोय वो!"

*

यानंतरचा किस्सा हसण्याचा नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येत नाहीत.

आमच्या टॉवरवर दोन लाईनी शेजारी शेजारी होत्या. एकीवर काम चाललं, की दुसरी चालू असायची. शेजारणीमुळे बंद तारेतही वीज येऊन बसते. म्हणून तारेवर लोखंडी साखळी टाकायची, आणि तिचं दुसरं टोक जमिनीत ठोकायचं. बसलेली वीज साखळीतून मातीत उतरते.

त्या दिवशी वारा होता. साखळी कधी सरकली, कुणाला दिसलं नाही. धर्मा वर होता. त्यानं नेमानं उलटा हात पुढे केला.

फट्‌ असा आवाज झाला. धर्मा मागे फेकला गेला आणि कमरेच्या दोरीला लोंबकळला. मान छातीवर पडलेली. खाली आम्ही सगळे दगड झालो होतो. वारा त्याला हळूहळू गोल फिरवत होता. मला अजून तो फिरताना दिसतो.

खाली उतरवल्यावर त्यानं डोळे उघडले. मुकादम त्याच्या तोंडाजवळ वाकले होते. धर्मा पुटपुटला, "उलटाच लावला मुकादम. उलटाच लावला."

तेव्हा भागीला दिवस गेले होते. त्याआधी दोन मुलं झाली होती, दोन्ही पाळण्यातच गेली होती.

*

दोन-चार दिवसांनी साहेब धर्माला बघायला आले. धर्मा शेडबाहेर, लाकडी खोक्यावर बसला होता. धीर देण्यासाठी साहेब म्हणाले, "अरे, विजेला एवढं काय भ्यायचं? ती सगळ्यांतच असते. हा दगड, हे झाड, तू, मी. सगळं बारीक कणांचं बनलेलं आहे. इतकं बारीक की दिसत नाही. त्या प्रत्येकात दोन जातींची वीज असते. एक मधे ठाण मांडून बसलेली, दुसरी हलकी, तिच्याभोवती. त्या हलकीला इलेक्ट्रॉन म्हणतात. तारेतून पळते ती हीच."

शेजारच्या खोक्यावर बसलेले मुकादम उठून उभे राहिले. "भाकरीत बी?"

"भाकरीत पण."

"आन् माज्यात?" धर्मानं विचारलं.

"तुझ्यातही. पण दोन्ही जाती सारख्या असतात. एकमेकींची फिट्टंफाट होते, म्हणून कळत नाही."

धर्मा विचारात पडला. "आन् शॉक बसल्यावर? तवा तर वरून आली ना? मग सारख्या कशा राहतील?"

"जास्तीची जमिनीत निघून जाते."

"जमिनीत कशी जाईल साहेब? मी तर दोरीला लटकलो होतो. पाय अधांतरी होते."

साहेब थांबले. उत्तर नव्हतं असं नाही, सोपं करून कसं सांगावं याचा ते विचार करत असावेत. तेवढ्यात खालून त्यांना हाक आली. लाईनच्या दुसऱ्या टोकाला बिघाड झाला होता. ते घाईनं गेले, ते पुढे बरेच दिवस तिकडेच राहिले.

ते थांबले होते, तेवढंच धर्माजवळ उरलं.

*

त्यानंतर थंडी पडली. दिवेलागणीची वेळ होती. शेडमध्ये अंधार झाला होता, कंदील पेटायचा होता. धर्माला हुडहुडी भरली म्हणून त्यानं अंगातल्या बंडीवरून घोंगडी ओढली.

कडकड आवाज झाला, आणि घोंगडीत निळ्या ठिणग्या चमकल्या!

आम्ही सापडेल त्या दारानं बाहेर. दार एकच होतं, त्यामुळे अडकलो. मुकादम सगळ्यांच्या खाली. आत धर्मा एकटा, दोन्ही हात वर धरून उभा. "हाय! हाय अजून माज्यात!" असं ओरडत होता.

आमच्याबरोबर झाडं तोडायला हिरू ठाकर असायचा. तो बाहेर शेकत बसला होता. तो म्हणाला, "थंडीत मांजराच्या पाठीवरून हात फिरवला का असंच दिसतं. त्या मांजराला काय कुनी टावरवर चढवलं व्हतं?"

आम्हाला जरा धीर आला. एकेक जण आत शिरला. पण आत जाताना प्रत्येकानं दाराला उलटा हात लावलाच. आणि त्या रात्री घोंगडी कुणीच पांघरली नाही. सगळे कुडकुडत झोपले.

*

धर्मा कुणाला शिवेना. विडी द्यायची तर जमिनीवर ठेवायचा. भागी बाळंतपणाला कोंडाण्याला गेली होती. मुलगी झाल्याचा निरोप आला. धर्मानं पेढ्यांचा पुडा माझ्याकडे ढकलला आणि म्हणाला, "तूच वाट बाबा."

"बघायला जा की रं," मी म्हणालो.

"कसा जाऊ? दोन गेली. हिला मी शिवलो आन् काय झालं, तर?"

मग त्यालाच एक उपाय सुचला. तारेतली वीज साखळीनं मातीत उतरते ना? त्यानं साखळीचा एक तुकडा घेतला, एक टोक पायाच्या घोट्याला बांधलं, आणि दुसरं जमिनीवर सोडलं. दिवसभर खळखळ करत हिंडायचा. ओल्या बांधावरून मुद्दाम अनवाणी चालायचा.

असाच तो चौकच्या बाजारात गेला. लोक बाजूला झाले. एका हवालदारानं त्याला गचांडी धरून थांबवलं.

"कुठल्या तुरुंगातून पळालास?"

धर्मा भ्याला. पण स्वतःसाठी नाही. "हवालदार, हात काढा! मला धरू नका, तुमाला लागंल!"

हवालदाराला ती धमकी वाटली. मुकादम सोडवायला गेले तेव्हा धर्मा कोठडीत होता, आणि हवालदार त्यांना सांगत होता, "माणूस खतरनाक आहे."

मुकादम म्हणाले, "खतरनाक नाय वो. बाप झालाय."

*

सव्वा महिना झाला आणि भागी स्वतःच आली. सकाळची वेळ, आम्ही लाईनवर निघायच्या तयारीत होतो. तिनं झाडाखाली घोंगडी अंथरली, पोरीला त्यावर ठेवलं, आणि धर्माला म्हणाली, "उचला."

"नाय."

"दोन गेली तवा तुमच्यात वीज होती का?"

धर्मानं साखळीचा पाय मागे घेतला.

"मग उचला."

"नाय गं. माजं ऐक. लांब घे तिला."

भागी त्याच्या पायातल्या साखळीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "बरं. नका उचलू. तुमी तारंला लावता तसा लावा. उलटा. काय झालं तर हात मागंच येतो म्हनता ना?"

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. धर्मा गुडघ्यावर बसला. साखळीचं टोक त्यानं ओल्या मातीत खोचलं. हात पुढे नेला, मागे घेतला, परत नेला. शेवटी वाकवलेल्या बोटाची पाठ त्यानं पोरीच्या तळहाताला लावली.

पोरीची मूठ मिटली.

"चिकटली!" धर्मा किंचाळला. "मुकादम, चिकटली! लाईन बंद करा!"

"कुनी हात लावू नका!" मुकादम गरजले. आम्ही बांबू घेऊन धावलो. मीही धावलो. पोरीभोवती आम्ही कोरडे बांबू घेऊन गोल उभे, आणि ती आमच्याकडे बघत जांभई देत होती.

"ओढा की हात," भागी म्हणाली.

"निघत नाय गं!" धर्मा रडत होता.

आवळ्याएवढी मूठ. मुकादमांनी हातातला बांबू खाली ठेवला. हळूच धर्माशेजारी बसले. सवयीप्रमाणे आपला राकट हात उलटा केला आणि एक बोट पोरीच्या दुसऱ्या तळहाताला लावलं.

तीही मूठ मिटली.

मुकादमांनी बोट तसंच राहू दिलं. मग आमच्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज लाईनवर कुनी जाऊ नका रं. हितं दोघं अडकलेत."