बघण्याचा कार्यक्रम, दर आठवड्याला

माझ्या मुलीला बघायला एकच मुलगा लागोपाठ दोन रविवारी आला आणि दोन्ही वेळा त्याला मीच बोलावलं होतं. दुसऱ्या वेळी ते मला माहीत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरीला आहे. तिथं आम्हाला एक दिवस प्रशिक्षण दिलं, कॉम्प्युटरचा पुरेपूर वापर कसा करावा याचं. शिकवायला पुण्याहून एक तरतरीत गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "तुम्ही लोकांनी कॉम्प्युटरचा महागडा टाइपरायटर करून ठेवलाय!" मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. (मी टायपिंगसुद्धा दोनच बोटांनी करतो. म्हणजे टाइपरायटरचाही अपमानच.) त्यांचा मंत्र एकच होता. "एकदा केलेलं काम पुन्हा करायचं नाही. कॉपी करा, नाव बदला, पुढे चला!"

ऑफिसात तो मंत्र कुणी मनावर घेतला नाही. मी घेतला, आणि घरी घेऊन आलो.

त्या संध्याकाळीच मी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर एक सामाईक कॅलेंडर सुरू केलं. सगळे म्हणजे मी, बायको शैला आणि मुलगी मृणाल. गॅसचा नंबर लावणे, टाकी धुणे, माझी बीपीची गोळी, सगळं त्यात घातलं. दुसऱ्या दिवशी शैला भाजी मंडईत असताना तिचा फोन वाजला. 'शैला : मेथी निवडणे.' तिथूनच तिनं मला फोन केला.

"अहो, मेथी अजून घ्यायची हाय मला. निवडू काय हितंच बसून?"

"तसं नव्हं, ती आठवण हाय..."

"मला मेथीची आठवण येत न्हाय हो. ह्या फोनचा टिंगटिंगाट आधी बंद करा, न्हायतर मी बंद करते!"

मी तिच्या आणि माझ्या, दोन्ही फोनच्या सूचनांचा आवाज बंद केला. घरात शांतता हवी असेल तर नवऱ्यानं काही आवाज बंद करावेतच. पण पुढचं सगळं रामायण ह्या एका शहाणपणामुळं घडलं.

तेवढ्यात मृणालला स्थळ सांगून आलं. वारणानगरचे पाटील. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा अभिजित कोल्हापुरातच एका कंपनीत इंजिनिअर. रविवारी चार वाजता येतो म्हणाले. आता, हे फोनवरच ठरलं होतं. माणसानं गप्प बसावं की नाही? पण मला पुरेपूर वापर करायचा होता ना! मी पाटलांकडून बापलेकांचे ईमेल मागून घेतले आणि रीतसर निमंत्रण पाठवायला बसलो. एकदा केलेलं काम पुन्हा करायचं नाही म्हणून आमच्या ऑफिसच्या साप्ताहिक मीटिंगचं निमंत्रण घेतलं, कॉपी केलं, नाव बदललं. 'मृणालला बघण्याचा कार्यक्रम.' वार बदलला, वेळ बदलली, ऑफिसची माणसं काढली, पाटील बापलेक घातले, मृणाललाही घातलं. पाठवून दिलं आणि चहा मागितला.

पाटील त्या रविवारी चारच्या ठोक्याला हजर झाले. बायको, मुलगा आणि स्वतः. पोहे झाले, चहा झाला. मृणाल आणि अभिजित गॅलरीत जाऊन बोलून आले. एरवी पाहुणे गेले की मृणाल लगेच निकाल सांगते. 'पप्पा, हसताना घोड्यासारखा हसतो,' 'पप्पा, आईला विचारून पाणी पितो,' असले निकाल. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. शैला मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "गप्प हाय म्हणजे आवडलाय!"

पण पाटलांकडून काही कळेना. सोमवार गेला, मंगळवार गेला. आपण होऊन विचारायचं कसं? मुलीच्या बापानं घाई दाखवू नये म्हणतात. इकडं माझी थोरली बहीण अक्का गडहिंग्लजहून गरजली.

"त्यांचं तोंड बघत बसू नगंस! माझ्याकडं शिंद्यांचं पोरगं हाय. येत्या रविवारी साडेचारला घिऊन येत्यात त्येला."

अक्कासमोर नाही म्हणण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मला वाटलं मृणाल आकांडतांडव करील. ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "येऊ देत की. रविवारी चारला मी घरीच आहे."

रविवारी आम्ही पुन्हा पोहे भिजवले. मी इस्त्रीचा शर्ट घालून शिंद्यांची वाट बघत बसलो. बरोबर चारला बेल वाजली. अर्धा तास आधी? माणसं उत्साही दिसतात, असं म्हणत मी दार उघडलं. दारात पाटील! बायको, मुलगा आणि ह्या वेळी पेढ्याचा पुडाही.

"या... या की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शैला पडद्याआडून बघून परत गेली, आणि आत एक पातेलं पडलं.

पाटील ऐसपैस बसले. "तुमचं कौतुक वाटलं बगा. आमी आपलं इचार करत हुतो, आपण होऊन कसं इचारायचं? तर परत तुमचंच बोलावणं! आन त्यात बी सगळं कसं सविस्तर!"

"सविस्तर?"

पाटलांनी चष्मा लावून फोनवरून मोठ्यानं वाचलं. "'मागील आठवड्याच्या कामाचा आढावा घेण्यात येईल. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. गैरहजर राहणाऱ्यांनी कारण लेखी द्यावे.' म्हणलं, असं काटेकोर घर आमास्नी पायजेच हुतं!"

नाव बदललं होतं. वार, वेळ, माणसं बदलली होती. खालचा मजकूर तसाच राहिला होता. आणि ऑफिसची ती मीटिंग दर आठवड्याला असते! त्याची आठवण माझ्या फोनवरही आली असणार, पण आवाज मीच बंद केला होता.

मी घड्याळाकडं बघितलं. शिंदे यायला अजून वेळ होता. तेवढ्यात पाटलांना बोळवावं म्हणून मी आढावा घाईघाईनं सुरू केला. "तर मागच्या आठवड्यात आपण पोहे खाल्ले..."

पुन्हा बेल. शिंदे खरोखरच उत्साही निघाले. आत येता येता त्यांची नजर सोफ्यावर गेली.

"आरं पाटील! तुमी हितं कुटं?"

"पोरगी बगायला आलतो. तुमी?"

"आमी बी!"

मी म्हणालो, "बसा की पावणं, जागा हाय." (जागा नव्हती. शिंद्यांच्या मुलाला मी डायनिंग टेबलाची खुर्ची आणून दिली. तो तिच्यावर परीक्षेला बसल्यासारखा बसला.)

"पाणी आणतो," म्हणून मी स्वयंपाकघरात पळालो. शैला पोह्यांच्या कढईसमोर हात जोडून उभी होती. कढईला की मला, ते कळलं नाही.

"ते कॅलेंडर आधी पुसा!" ती दबक्या आवाजात ओरडली. "न्हायतर पुढच्या रविवारी परत येतील!"

हे मात्र पटलं. मी फोन काढला, तो कार्यक्रम शोधला, पुसला. फोननं विचारलं, सगळे पुसायचे? होय. निमंत्रितांना कळवायचं? मी मनात म्हणालो, माणसानं कळवावं, तीच रीत आहे. होय!

बाहेर बैठकीत दोन फोन एकदम वाजले. पाटलांना वाचून दाखवायची सवयच होती. त्यांचा आवाज आतपर्यंत आला.

"'मृणालला बघण्याचा कार्यक्रम. रद्द.'"

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलो तेव्हा पाटील उभे होते. पेढ्याचा पुडा पुन्हा त्यांच्या काखेत गेला होता. "पावणं, न्हाय म्हणायचं हुतं तर तोंडावर म्हणायचं. आत जाऊन फोनवर कशापाय कळवायचं?"

मृणालचं एक लग्न मी बोटानं पुसलं होतं, आणि दुसरं खुर्चीवर अवघडून बसलं होतं. तेव्हा अभिजित उठला.

"बाबा, बसा. काकांनी न्हाय म्हटलेलं न्हाय. त्यांनी ऑफिसच्या मीटिंगची कॉपी मारलीय, म्हणून ते दर आठवड्याला लागलं होतं. मला मागच्या सोमवारीच दिसलेलं."

"मग सांगितलं का न्हाईस, गाढवा?"

अभिजितनं कान चोळला. "मला परत यायचं होतं."

पोह्यांचा ट्रे घेऊन मृणाल दारात उभी होती. मी हळूच विचारलं, "मृणाल, तुला हे माहीत होतं?"

"व्हय पप्पा. मला पण आलं होतं की निमंत्रण."

"मग?"

"मी 'येणार' दाबलं."

सगळ्यात आधी शिंदे हसले. त्यांचं बघून पाटील हसले, पुडा टेबलावर परत आला आणि पहिला पेढा पाटलांनी शिंद्यांनाच भरवला. निघताना शिंदे मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोहे झकास हुते. पर पावणं, म्होरल्या टायमाला आमास्नी एकट्यास्नीच बोलवा." अक्कानं मात्र लग्नापर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. ते मला फार जड गेलं असं म्हणवत नाही.

लग्नाच्या तयारीला दोन्ही घरची माणसं बसली, तेव्हा सगळ्यांच्या वाट्याला कामं आली. हॉल, जेवण, पत्रिका, मानपान. मी मान पुढं करून विचारलं, "आन मी?" शेवटी शैलानं एक काम काढलं, ज्यात बटण नाही, स्क्रीन नाही आणि बिघडण्यासारखं काहीच नाही. मांडवाच्या दारात बसून पाहुण्यांच्या चपला सांभाळायच्या. मी ते काम मन लावून केलं. फक्त दोन जोड गेले. त्यातला एक माझा होता आणि दुसरा व्याह्यांचा!