घरातली एकच लाइन

राजुऱ्याच्या सुरेंद्रनं कापसाच्या भावांची वेबसाइट काढली. भावांचा डेटाबेस नागपूरच्या सर्व्हरवर होता आणि तिथवर पोचायला घरातली एकच फोनलाइन. भाव भरता भरता डेटाबेसचं कनेक्शन तुटायचं. कधी दिवसभर ठणठणीत, तर कधी घडीघडी. त्यानं प्रोग्राम उलटापालटा केला, मोडेम बदलला, नागपूरवाल्यांना शिव्या घातल्या. ते म्हणत, "आमच्याकडे सगळं ठीक आहे."

एका दुपारी कनेक्शन तुटलं तसा तो तणतणत पाणी प्यायला आत गेला. त्याच लाइनचा दुसरा फोन स्वयंपाकघरात होता. त्याची आई देवकाबाई रिसीव्हर कानाला लावून उभी होती.

"माय, काऊन उचलला फोन? माही लाइन तूच तोडून राह्यली का?"

"फोन चालू हाय का नाई, पाहून राह्यली होती," ती दचकून म्हणाली. "बोट बंदराले लागली का फोन करीन, म्हणे खुशाल. पण उचलला का नुसती किरकिर येते. मंग ठेवून देतो."

सुरेंद्रचा थोरला भाऊ खुशाल गावच्या तलावातली मासेमारी सोडून रत्नागिरीला बोटीवर गेला होता. दिवाळीपासून त्याचा फोन नव्हता.

सुरेंद्रच्या आत्ता लक्षात आलं. इंटरनेट लावलं की बाहेरून करणाऱ्याला फोन एंगेज, आणि तो तर दिवसभर लावूनच बसायचा.

त्यानं जाऊन मोडेमची वायर उपटली. मायलेक फोनजवळ बसून राहिले; फोन काही वाजला नाही. तिन्हीसांजेला न राहवून त्यानंच रिसीव्हर उचलून कानाला लावला.

लाइन चालू होती.