जोडवाल्या काकू

समोर कुणीही आलं की काकू आधी त्याच्या गळ्याकडे बघत. चेहरा मागाहून. पहिल्या भेटीत मला वाटलं, गळ्यातली साखळी सुटली की काय. मी हात लावून पाहिला. त्या हसल्या. "काई नाई वं. सवय हाय. जोड गळ्याशीच लपते."

आर्वीच्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी तीस वर्षं जोडफोटो केले. नवऱ्याचा फोटो एकीकडचा, बायकोचा दुसरीकडचा. कुणाची आई लेकीच्या लग्नाआधीच गेलेली. लोक असे सुटे फोटो घेऊन येत. काकू बारीक कात्रीनं माणसं कापून एका कागदावर शेजारी शेजारी चिकटवत, कधी नुसता चेहराच दुसऱ्या धडावर बसवत, कडा कुंचल्यानं बुजवत आणि मग मालक त्याचा पुन्हा फोटो काढत. तो घरोघरी भिंतीवर लागे. काकूंचं नाव त्यावर कुठंच नसे. त्यांचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. आईवडील गेल्यावर एका खोलीत एकट्या राहत.

मी त्यांना भेटले तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. आर्वीच्या वाटेवर एका मालगुजाराची जुनी हवेली आहे. वारसांनी ती एका संस्थेला दिली, संस्थेनं तिथं फोटोंचं संग्रहालय केलं आणि मी कामाला लागले. तिकिटं द्यायची, फोटोंखालच्या चिठ्ठ्या लिहायच्या, संध्याकाळी दिवे मालवायचे. माझं घर आष्टीला, भाड्याची खोली बोरगाव मेघेला, आणि दिवसभर एवढ्या मोठ्या हवेलीत मी आणि चौकीदार. तो दाराशी, मी आत. कित्येक दिवस तिसरं माणूस दिसत नसे.

काकू त्या दिवशी तिकीट काढून सरळ दिवाणखान्यात गेल्या आणि सगळ्यात मोठ्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. मालगुजार आणि त्यांच्या पत्नी, दोघंही खुर्च्यांवर बसलेले. "हा माझा हाय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही यांच्या नात्यातल्या का?"

"नाई. जोड माझा हाय."

मग त्यांनी दाखवलं. मालगुजारांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, बाईंच्या चेहऱ्यावर उजवीकडून. बाई वारल्या तेव्हा मागं एकच फोटो उरला होता, हळदीकुंकवाच्या घोळक्यातला. तो घेऊन मालगुजार स्वतः स्टुडिओत आले आणि तासभर काकूंच्या टेबलाजवळ बसून राहिले. "म्हणे, तिचा हात माह्या हाताजवळ आण. पण लावू नको. जिती होती तवा चारचौघात कधी लावला नाई."

तेव्हापासून काकू दर मंगळवारी येऊ लागल्या. मी तिकिटाचे पैसे नको म्हणायचे. त्या हट्टानं काढायच्या. "फुकट आली तर लवकर जा लागते," म्हणायच्या. डबा उघडला की माझ्यापुढे भाकरीचा तुकडा सरकवायच्या आणि आष्टीच्या घरी सगळे कसे आहेत ते विचारायच्या. मंगळवार सोडला तर आठवडाभरात कामापलीकडचं बोलणं फारसं होत नसे, ते मला तेव्हा कळलं.

त्या फोटोखाली काकूंचं नाव यावं असं मी मनात घेतलं. संस्थेचे सचिव तयार नव्हते. हवेलीचा मुख्य फोटो जोडलेला निघाला तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न. महिनाभर मी त्यांच्या मागे लागले. शेवटी ते हो म्हणाले. मी चिठ्ठी लिहिली, काकूंचं पूर्ण नाव घातलं आणि मंगळवारची वाट पाहिली.

नेमकी त्याच मंगळवारी मालगुजारांची नात नागपूरहून आली. काकू आणि मी दिवाणखान्यात होतो, चिठ्ठी माझ्या हातात. ती बाई फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. मग आपणहून बोलली, "आजीला मी पाहिलंच नाही. पण बाबा हा फोटो दाखवून सांगायचे, बघ, दोघं कसे जवळ बसायचे." तिनं काकूंना विचारलं, "तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

मी काकूंकडे पाहिलं. आता सांगतील, असं वाटलं.

"तुह्या आजोबाले पाह्यलं होतं मी," काकू म्हणाल्या. "आजीची लय याद करत."

नातीनं डोळे पुसले. ती गेल्यावर काकूंनी माझ्यापुढे हात केला. "दे ते इकडं."

"काकू, महिनाभर भांडले मी त्याच्यासाठी."

"मले मालूम हाय. पण जिंदगीभर जोडत आली. आता सुटं काऊन करू?"

त्यांनी चिठ्ठी वाचली. स्वतःच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि ती घडी करून पिशवीत टाकली. मला राग आला होता. त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

पुढचे दोन मंगळवार त्या आल्या नाहीत. तिसऱ्या मंगळवारी आल्या त्या पुतण्याला घेऊन. गुडघे गेले होते; तो त्यांना नाशिकला नेणार होता. निघताना त्या म्हणाल्या, "माह्यासंग एक फोटो काढजो." आम्ही पायरीवर बसलो. चौकीदारानं माझ्या मोबाईलवर फोटो काढला. काकूंचे डोळे मिटले, माझं तोंड उघडं, कोपऱ्यात चौकीदाराचं बोट. दुसरा काढेपर्यंत पुतण्यानं गाडी सुरू केली होती.

मी तो फोटो पाठवला. आठ दिवसांनी पुतण्याच्या फोनवरून त्यांचाच आवाज आला. मी म्हटलं, "काकू, डोळे मिटलेत तुमचे. हल्ली मोबाईलवर उघडता येतात."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "खरोखर बसलो होतो आपून. तेवढं पुरे."

त्या गेल्याचं मला कळलं तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. तो मंगळवारच होता आणि एकही माणूस आलं नव्हतं. मी दाराशी जाऊन चौकीदाराला सांगितलं. तो टपरीवरून दोन चहा घेऊन आला, एक मला दिला आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच आत येऊन माझ्याशेजारी बाकावर बसला.