न घेतलेली दारू

परळच्या रुग्णालयात यकृताच्या बाह्यरुग्ण विभागात तो माझ्या शेजारी बसला होता. नाव मी विचारलं नाही. जुना गिरणी कामगार. संप लांबला तेव्हा तो इमारतीच्या कामावर गेला, परांचीवरून पडला आणि त्याला रक्त चढवलं. त्या रक्तातून आलेला हेपेटायटिस सी तीस वर्षं गुपचूप यकृत पोखरत राहिला. पोटात पाणी झालं, तेव्हा कळलं. गोळ्यांनी विषाणू गेला, पण यकृत कडक झालं होतं. आता कॅन्सरच्या भीतीने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

"इंग्रजीत काय लिवलानी, वाच रे," फाइल पुढे करत तो म्हणाला.

मी वाचलं. पूर्वी दारूचं व्यसन.

त्याने फाइल माझ्या हातातून ओढून घेतली. "चाळीत दारुडो म्हणतत, हयसर पण ताच! उभ्या जल्मात थेंब घेवक नाय मी. माका दारुडो म्हणान मरूचा नाय!"

तो रांग तोडून आत घुसला. शिपाई अडवायला धावला, तसा मी शिपायावर ओरडलो. संताप स्वतःचाही आला होता. त्याला पाहताच मीही तेच समजलो होतो.

तो बाहेर आला तेव्हा ती ओळ खोडलेली होती आणि बाजूला डॉक्टरची सही होती.